कामगार शिक्षण : निर्देशांक वाढला, म्हणजे रुपये किती वाढले?



वाटाघाटीत नुसता आवाज चढवून भागत नाही. समोरचा माणूस कागद पुढे सरकवतो आणि विचारतो, "हा आकडा कुठून आणला?" तिथे उत्तर देता आले नाही, तर रास्त मागणीही लंगडी पडते. म्हणून या पाठात महागाई भत्त्याचा हिशेब पाहू. गुणाकार आणि टक्केवारी येत असली की पुरे.

१) निर्देशांक म्हणजे काय?
धान्य, घरभाडे, कपडालत्ता, औषधपाणी यांवरचा कामगार कुटुंबाचा खर्च पायाभूत वर्षी १०० धरायचा आणि पुढे त्याच बाजाराला किती पडतात ते पाहायचे. केंद्र सरकारचा श्रम ब्यूरो देशातील ८८ औद्योगिक केंद्रांतून किमती गोळा करून हा आकडा दरमहा जाहीर करतो.

२) पॉइंट वेगळा, टक्का वेगळा
समजा, निर्देशांक १२० वरून १२६ झाला. वाढ ६ पॉइंटची, पण टक्के ५ च; कारण ६ ला १२० ने भागायचे. आता २०,००० रुपये पगारावर ८०० रुपये वाढ मिळाली, म्हणजे ४ टक्के. पगार वाढला खरा, पण पूर्वीइतकाच बाजार आणायला २१,००० लागतात. म्हणजे घरात २०० रुपयांची तूटच आली.

३) पाया बदलला की आकडा बदलतो
हा भाग नीट वाचावा. सप्टेंबर २०२० पासून पायाभूत वर्ष २००१ ऐवजी २०१६ झाले. ऑगस्टचा निर्देशांक ३३८ होता, सप्टेंबरचा ११८ च्या आसपास आला. मग महागाई उतरली काय? मुळीच नाही, फक्त मोजपट्टी बदलली. नव्या आकड्याला २.८८ ने गुणले की जुना आकडा मिळतो : ११८ × २.८८ = सुमारे ३४०. या २.८८ ला लिंकिंग फॅक्टर म्हणतात.

आता पैशाची गोष्ट. समजा, एखाद्या करारात २००१ च्या पायावर दर पॉइंटला २ रुपये भत्ता ठरला आहे. नवा निर्देशांक १० पॉइंटने वाढला. कोणी १० × २ = २० रुपये लावले, तर ते चूक. जुन्या पायावर ही वाढ २८.८ पॉइंटची, म्हणजे भत्ता ५७ रुपये ६० पैसे. दरमहा ३७ रुपये ६० पैसे बुडाले. ४०० कामगारांचे वर्षाचे झाले १,८०,४८० रुपये! म्हणून करारावर सही करण्यापूर्वी पायाभूत वर्ष आणि लिंकिंग फॅक्टर लिहिले आहेत की नाही, ते पाहावे.

४) सरासरीला भुलू नका
एका खात्यात नऊ जणांना १८,००० आणि एकाला ७८,००० पगार. सरासरी २४,००० निघते, पण तेवढा पगार एकालाही नाही! अशा वेळी पगार चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्यावा. तो १८,००० येतो. हा नियम आपल्यालाही लागू आहे. सोयीचा तेवढाच आकडा उचलला, तर संघटनेचा शब्द हलका होतो.

स्वाध्याय : जुन्या पायावर दर पॉइंटला ३ रुपये ठरले आहेत. नवा निर्देशांक ५ पॉइंटने वाढला, तर भत्ता किती वाढेल? ज्यांचे उत्तर १५ आले, त्यांनी तिसरा भाग पुन्हा वाचावा. बरोबर उत्तर : ४३ रुपये २० पैसे.