फिरतीची तालीम आणि परगावचे घर

वरवट बकालला आमच्या दुकानी नवा मुलगा आला की आधी ठाण गुंडाळतो, मग कापड मोजतो, मग वही घेऊन खेड्यांवर उधारी वसूल करतो. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात खरेदीला तो सर्वांत शेवटी जातो.

मोठ्या कंपन्याही पदवीधर मुलांना अशीच तालीम देतात. काही महिने विक्री, काही महिने कारखाना, मग हिशेब खाते. टाटा समूहाने अशी योजना १९५६ साली सुरू केली. टायटनचे पहिले व्यवस्थापकीय संचालक झेर्क्सिस देसाई तिच्यातूनच आले.

आपला मुलगा फसतो तो कामात नव्हे, घरात. माझ्या पुतण्याने पुण्यात अकरा महिन्यांसाठी खोली घेऊन भरमसाट डिपॉझिट दिले. चौथ्या महिन्यात नाशिकला जाण्याचा हुकूम आला. निम्मेच पैसे परत मिळाले, कारण करार साध्या कागदावर होता.

तेव्हा रुजू होण्याआधीच विचारा: पहिला टप्पा किती महिन्यांचा, पुढचे शहर कोणते, राहण्याचा खर्च कोणाचा? तोवर कॉट बेसिसवर राहा. घरच घेतले तर महिन्याच्या सूचनेवर सोडण्याची अट लिहून घ्या आणि करार नोंदवायला लावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरतात. आम्हाला हे पैसे गेल्यावर कळले!

पुतण्याला वसुली खाते फार कंटाळवाणे वाटे. कायमची नेमणूक त्याला तिथेच मिळाली.