लाकडी माळ्याची करकर : खालून मरम्मत कशी करावी?

मुंबईत काळबादेवीपासून भेंडी बाजार, महंमद अली रोडपर्यंत ज्या जुन्या इमारती अद्याप उभ्या आहेत, त्यांपैकी अनेकांत मजल्याची जमीन कडीपाटाची आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी कड्या आणि त्यांवर फळ्या. खाली दुकान आणि वर कापडाचे गोदाम ही व्यवस्था आपल्या धंद्यात जुनीच आहे. नोकर थान आणायला वर गेला की फळी करकरते, गिऱ्हाईक मान वर करून पाहते आणि शेठजी म्हणतात, "जुने लाकूड आहे, बोलणारच!" बोलणार हे खरे, पण ते काय बोलते आहे हे व्यापाऱ्याला समजले पाहिजे, कारण डोक्यावर माल आहे आणि खाली माणसे आहेत.

आवाज का होतो?

लाकूड पावसाळ्यात ओल घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. वर्षानुवर्षे असे झाल्याने खिळ्याची पकड सैल होते व फळी आणि कडी यांच्यात बारीक फट पडते. पाय पडला की फळी खाली दबते, खिळ्यावर घासते आणि आवाज करते. कधी शेजारच्या दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर घासतात. फटी उन्हाळ्यात जास्त उघडतात, म्हणून तपासणी मार्च ते मे या महिन्यांत करावी.

वरून नवे खिळे ठोकणे सोपे वाटते, पण तेही पुढे सैल होतात. शिवाय वर आलेले खिळ्याचे डोके पायाला लागते आणि थान फाडते. खालून कड्या दिसत असतील तर खालूनच काम करणे फायद्याचे. खाली प्लायवूडचे छत मारलेले असेल, तर तेवढा भाग उघडावा लागेल.

कामाची रीत

१. आवाजाच्या जागेवरील माल आधी हलवावा. कड्यांवरून विजेच्या वायरी गेलेल्या असतात. काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

२. एका माणसाने वर सावकाश चालावे, दुसऱ्याने खाली शिडीवर बॅटरी घेऊन पाहावे. जेथे फळी हलते तेथे खडूने खूण करावी.

३. फळी व कडी यांत फट असेल तर सागाची पातळ पाचर दोन्ही बाजूंनी फेव्हिकॉल लावून हाताने सरकवावी. हातोडीचा हलका ठोका पुरे. जोरात ठोकल्यास फळी उचलली जाते आणि शेजारी नवी फट पडते. जादा तुकडा कापून टाकावा.

४. फट लांबवर असेल तर कडी आणि फळी मिळतात त्या कोपऱ्यात लाकडी पट्टी बसवावी. एक स्क्रू आडवा कडीत, दुसरा उभा फळीत. येथे हिशेब चुकू देऊ नये. फळी एक इंच आणि पट्टी पाऊण इंच असेल तर उभा स्क्रू सव्वा इंचाचाच घ्यावा, म्हणजे तो फळीत अर्धाच इंच शिरतो. जुनी फळी झिजलेली असते. आधी जाडी मोजावी. स्क्रू पिळताना वर एक माणूस फळीवर उभा राहू द्यावा.

५. दोन कड्यांच्या मधोमध फळ्या हलत असतील तर कड्यांमध्ये आडवा ठोकळा घट्ट बसवून तो फळ्यांना खालून टेकवावा. फक्त कडा घासत असतील तर वरून फटीत शंखजिऱ्याची पूड भरावी. तेल सोडू नये. कापडाला डाग पडतो.

येथे पाचर मारू नका

आवाज बंद झाला म्हणजे माळा मजबूत झाला असे नव्हे. पाचर आवाज थांबवते, वजन पेलत नाही. म्हणून सुताराने हत्यार काढण्यापूर्वी कडीची टोके पाहावीत. टोक भिंतीत असते, तेथेच ओल मुरते. टोच्या सहज आत गेला, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, वाळवीची मातीची नळी दिसली, कडीला आडवी चीर असली किंवा दोरी ताणून पाहिल्यावर कडी मध्ये झुकलेली आढळली, तर मरम्मत थांबवावी. वरचा माल उतरवावा, खालची जागा रिकामी करावी आणि इमारतीच्या इंजिनिअरला बोलवावे. टेकू कोठे द्यायचा हे त्यानेच सांगावे. पागडीची जागा असेल तर मालकाला लेखी कळवावे. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

आणखी एक बाब. वायर किंवा पाईप नेण्यासाठी कडीच्या खालच्या अंगाला खाच पाडू देऊ नये. वजनाने कडीचे खालचे अंग ताणले जाते. तेथे खाच पडली की कडी कमजोर झालीच.

शंभर किलोच्या वीस गाठी म्हणजे दोन टन. सीझनच्या घाईत हा भार माळ्याच्या मधोमध रचला जातो, आणि कडीला सर्वांत जास्त ताण मध्येच पडतो. म्हणून चांगल्या माळ्यावरसुद्धा माल भिंतीलगत, पसरून आणि बेताने ठेवावा. पाचरेचा खर्च थोडा आहे. पाचर मारण्याआधी कडी पारखण्याला तर फक्त एक टोच्या आणि अर्धा तास लागतो.