आधी वादळ, मग मचाण

चेन्नईत परसदारी मुलांसाठी झाडावर घर बांधायचे, तर मुंबई-पुण्याचे पावसाचे वेळापत्रक डोक्यातून काढावे लागते. आपल्याला मृग लागला की छपराची आठवण होते. इथे खरी परीक्षा दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस आणि त्याच्या जोडीला बंगालच्या उपसागरातली वादळे. म्हणून सल्ला विचारायला कोणी आले की रंग, शिडी, झोपाळा यांच्याआधी मी विचारतो, ‘डिसेंबरच्या वाऱ्यात हे कशाच्या जोरावर उभे राहणार?’

तिरुवान्मियूरच्या आमच्या घरामागे गुलमोहर होता आणि त्यावर आधीच्या मालकांनी बांधलेले मचाण. घराबरोबर ते आयतेच मिळाले. १२ डिसेंबर २०१६ ला ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आले, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. शहरात हजारो झाडे पडली. गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानाची आणि वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयाची रया गेली. आमचा गुलमोहर मचाणासकट आडवा झाला. मुले घरात होती, एवढेच नशीब.

आवराआवर करताना दिसले, की सागवानी फळ्या जवळजवळ शाबूत होत्या. दगा दिला होता मुळांनी आणि जोडांनी. गुलमोहराची मुळे उथळ पसरतात. त्यातली एका बाजूची कुंपणाच्या पायासाठी तोडलेली होती. फांदीला आवळलेली तार सालीत रुतून बसली होती आणि तिच्या पुढची फांदी केव्हाच वाळली होती. झाडाने तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली वाहते. सभोवती आवळले की तो मार्ग बंद पडतो. खिळे तर खाऱ्या हवेने इतके खाल्ले होते, की हाताने मोडत होते.

मुलांनी नवे मचाण मागितले. आमच्याकडे उरला होता एक कडुनिंब. वरदात गुलमोहर आणि सोनमोहर भराभर पडले. कडुनिंब, करंज यांसारखी इथली झाडे त्या मानाने टिकली. तरीही आम्ही सगळा भार त्याच्यावर टाकला नाही. अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात जुना वड आहे. १९८९ च्या वादळात त्याचे मूळ खोड कोसळले, पण वृक्ष पारंब्यांवर तगला. आम्ही तोच धडा घेतला आणि मचाणाला स्वतःचे चार खांब दिले. झाड मधून वर जाते, सावली देते, भार घेत नाही.

तुम्ही बांधणार असाल, तर आधी वजनाचा हिशोब करा. सहा बाय सहा फुटांचे मचाण म्हणजे ३६ चौरस फूट. चौरस फुटाला १८ किलो धरले, तर साडेसहाशे किलो होतात. हा आकडा फार वाटतो, पण वाढदिवसाला सगळी पोरे एकाच कोपऱ्यात गोळा झाली की वाटेनासा होतो.

लाकडी खांब जमिनीत पुरू नका, वाळवी लागते. काँक्रीटच्या पायावर गॅल्व्हनाइज्ड पाइप उभे करा आणि दोन्ही दिशांना तिरपे आधार द्या. नुसते चार उभे खांब वाऱ्यात झुलतात. समुद्राकाठच्या रेताड जमिनीत पाया रुंद आणि जड हवा, कारण वारा मचाणाला खालून उचलूही पाहतो. खड्डे पहारीने खणा आणि जाड मूळ लागले, तर खड्डा सरकवा, मूळ तोडू नका. पॅरीज कॉर्नरच्या हार्डवेअरच्या दुकानांत बोल्ट घेताना ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागा. महाग पडते, पण खाऱ्या हवेत तेच टिकते.

खोडाभोवती तीन इंच मोकळी जागा सोडा आणि तिथल्या फळ्या स्क्रूने बसवा, म्हणजे खोड जाडावले की काढून कापता येतात. झाडाचा आधार घ्यायचाच असेल, तर दहा खिळ्यांपेक्षा एक जाड बोल्ट बरा, जखम एकच होते. तुळईचे दुसरे टोक सरकते ठेवा, नाहीतर डोलणारे झाड जोड उखडते.

उंचीचा हट्ट नको, पाच फूट पुरे. कठडा किमान तीन फूट आणि पट्ट्या उभ्याच हव्यात. आडव्या पट्ट्यांची मुले शिडी करतात. दोन पट्ट्यांमधली फट नऊ सेंटिमीटरहून कमी ठेवा. त्याहून थोडी मोठी फट सर्वांत वाईट, कारण पायाकडून धड निसटते आणि डोके अडकते. मोकळे लोंबणारे दोर नकोत. खाली कडप्पा किंवा फरशी असेल, तर उखडा आणि फूटभर वाळू पसरा; पाऊस पडून ती घट्ट झाली की पुन्हा भुसभुशीत करा.

छपराला पत्रा अजिबात नको. वादळात सुटलेला पत्रा शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचतो. नारळाचे झाप स्वस्त, थंड आणि पोरवयाच्या मुलांनाही शाकारता येतात. आमच्याकडे दसऱ्याला झाप उतरवतात, शिडी काढून आत ठेवतात आणि मचाण पोंगलपर्यंत बंद असते. जानेवारीत बोल्ट आवळून, फळ्या ठोकून पाहिल्यावर आधी दोन मोठी माणसे वर चढून नाचतात, मग मुलांची पाळी.

परसात धड झाड नसेल, तरी अडू नका. चार खांबांचे मचाण भिंतीच्या सावलीतही उभे राहते. मुलांना झाडापेक्षा जास्त हवी असते ती मोठ्यांना वाकून शिरावे लागेल अशी स्वतःची जागा.