किल्ली सगळ्यांच्या हातात देऊ नकोस

चि. सोनू,


ऑफिसातल्या पोरांची कटकट नको म्हणून सहाही मशीनवर सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाकलंस, आणि आता ऑटोकॅड झकास चालतंय, असं लिहिलंयस. चालणारच! घराची किल्ली गल्लीभर वाटली की दारात कुणीच अडकत नाही.

ऑटोकॅड बसवायला अ‍ॅडमिन लागतो. रोज चालवायला साधा युजर पुरतो. विंडोज एक्सपीच्या काळात आम्हीही तुझ्यासारखंच करायचो, कारण तेव्हाची बरीच सॉफ्टवेअरं थेट प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची. 2007 साली व्हिस्टा आलं आणि ती मोकळीक संपली. आता प्रोफाइल ज्याच्या त्याच्या रजिस्ट्रीत आणि मेनू, टूल पॅलेट वगैरे सगळं ज्याच्या त्याच्या अ‍ॅपडेटामध्ये राहतं.

मग पोरांचं अडत होतं कुठे? माझा संशय ड्रॉइंगच्या फोल्डरवर आहे. सेव्ह करताना ऑटोकॅड जुन्या फाइलवर सरळ लिहीत नाही. त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल करतं, मग नावांची अदलाबदल करतं. शिवाय ड्रॉइंग उघडलं की शेजारी डीडब्ल्यूएल नावाची कुलुपाची फाइल टाकतं आणि बंद करताना ती पुसतं. तू राइट दिलंस पण डिलीट काढून घेतलंस, तर सेव्ह फसणारच. त्या फोल्डरला मॉडिफाय दे, काम झालं. आणि आयकॉनवर 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ची खूण करून ठेवली असशील तर काढ. तसं उघडलेल्या ऑटोकॅडला मॅप केलेला ड्राइव्ह बहुधा दिसतच नाही. मग पुन्हा तुलाच फोन.

सगळ्यांना अ‍ॅडमिन करण्यातला धोका मी भोगलाय. भोसरीत नोकरीला होतो तेव्हा एका पेन ड्राइव्हमधून ड्रॉइंगसोबत एक अ‍ॅकॅड.एलएसपी आली. ऑटोलिस्पमधल्या प्रोग्रामची ही फाइल ऑटोकॅड तेव्हा न विचारता चालवायचं. सगळेच अ‍ॅडमिन, त्यामुळे ती प्रत्येक मशीनच्या सपोर्ट फोल्डरात जाऊन बसली. दोन दिवस ड्रॉइंग बंद आणि साहेबांची बोलणी माझ्या वाट्याला. पुढे 2012 मध्ये मेड्रे नावाच्या किड्याने असाच ऑटोलिस्पचा रस्ता धरून पेरूतल्या ऑफिसांमधली ड्रॉइंग चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवली, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. ऑटोकॅड 2014 पासून सिक्युअरलोड आहे; विश्वासातल्या फोल्डरबाहेरची लिस्प आली की ते आधी विचारतं. पण त्या फोल्डरात पोरांना लिहिता येत असेल तर राखण कसली? तिथे त्यांना फक्त रीड दे, लिहायचा हक्क तुझ्याकडे ठेव.

शनिवारी काम संपल्यावर सहाही मशीनवर पोरांची खाती साधी कर. सोमवारी कुणाचं अडलं तर अ‍ॅडमिन देण्याआधी मला फोन कर.

तुझा मामा