जीटी न मारता केलेली कॉपी

आधीच सांगून टाकतो. मी कॉन्व्हेंटवाला. त्यामुळे माझं मराठी निम्मं घरचं आणि निम्मं मेसमधलं. चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे!

जीटी म्हणजे काय, हे हॉस्टेलवर कुणाला सांगायला नको. काच, काचेखाली बल्ब, वर मित्राची शीट. फर्स्ट इयरला ग्राफिक्सच्या सगळ्या शीट मी अशाच 'काढल्या'. सबमिशन वेळेत झालं. पेपरात मात्र समोर कोरा कागद आला आणि केटी लागली.

त्या सुट्टीत मी कासारवाडीला घरी होतो. आमच्या गल्लीत, रेल्वे लाइनला लागून, एक पेंटर काका राहतात. फ्लेक्स येण्याआधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्याकडे ऑइल पेंटिंग शिकायला गेलो तर म्हणाले, "आधी एखाद्या उस्तादाची कॉपी कर." मी खूश! कॉपीत तर आपला हातखंडा.

चित्र निवडलं व्हर्मीरचं 'द मिल्कमेड' (डब्यावरची नव्हे!). हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या या चित्रकाराने ते १६६० च्या सुमारास रंगवलं. एक खोली, डावीकडे खिडकी, दूध ओतणारी बाई. बस्स. आकार फक्त ४५.५ × ४१ सेंमी.

पहिला धडा रेषेचा. खिडकीच्या तिरप्या रेषा पट्टीने पुढे वाढवल्या, तर त्या बाईच्या उजव्या हाताच्या जरा वर एका बिंदूत मिळतात. हाच आपला व्हॅनिशिंग पॉइंट! मूळ चित्रात अभ्यासकांना नेमकं तिथेच टाचणीचं बारीक भोक सापडलं आहे. सुतार दोरी मारतो ना, तसा टाचणीला दोरा बांधून व्हर्मीर रेषा आखत असावा. ट्रेसिंगमध्ये रेषा मिळते, पण ती कुठून आली ते कळत नाही.

दुसरा धडा उजेडाचा. मागची भिंत मी सरळ ट्यूबमधल्या पांढऱ्याने रंगवली. काकांनी काही न बोलता एक कोरा कागद त्यांच्याच 'पांढऱ्या' भिंतीवर धरला. भिंत चक्क राखाडी दिसली! खिडकीजवळ निळसर, कोपऱ्यात तपकिरी. व्हर्मीरने त्या भिंतीतला खिळा, खिळ्याची सावली आणि जुन्या खिळ्यांची भोकंसुद्धा सोडलेली नाहीत.

तिसरा धडा थरांचा. घाईत मी पहिल्याच थरात जवसाचं तेल जास्त घातलं. काही दिवसांत दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. केमिस्ट्रीतलं पॉलिमरायझेशन! म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, आणि तेल वरच्या थरांत वाढवत न्यायचं. सगळं खरवडून पुन्हा सुरुवात.

पण खोडावं तर उस्तादालाही लागलं होतं. बाईच्या मागे आधी जग टांगायची फळी होती आणि ती व्हर्मीरने स्वतःच रंगाखाली झाकली, हे २०२२ मध्ये तपासणीतून जाहीर झालं. जीटीत फक्त शेवटची रेषा दिसते. तिच्याआधीची खोडाखोड दिसत नाही.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करत होते. त्यातल्या बऱ्याच प्रती लंडनच्या आगीत जळाल्या. पण तयार झालेले हात राहिले. त्यांच्यातलेच पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले.

माझं चित्र कसं झालं? दुधाची धार अजून सुतळीसारखी दिसते. काकांनी पाठीमागे लिहायला लावलं, 'व्हर्मीरच्या चित्रावरून', आणि खाली माझं नाव. असं मी एकाही शीटवर लिहिलं नव्हतं.

केटी सुटली. परवा एक ज्युनिअर माझी शीट मागायला आला, जीटीसाठी. म्हटलं, "शीट घेऊन जा, पण काच इथेच ठेव. समोर ठेवून काढ, अडलं की ये."

तो रात्री दीडपर्यंत चार वेळा आला. बघा पटतंय का!