ज्योतीपेक्षा डबा सांभाळा

घरी चांदीचे दागिने घडवू पाहणारे ब्युटेन टॉर्चच्या ज्योतीला घाबरतात. मला धास्ती असते ती टॉर्च भरण्याची. ब्युटेन हवेपेक्षा दुप्पट जड. भरताना निसटलेला गॅस वर जात नाही, फरशीवर पसरतो. माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी खाली बसून टॉर्च भरत होती. कोपऱ्यातल्या बुटक्या देवघरात निरांजन तेवत होतं. भप्पकन निळसर ज्वाळा जमिनीलगत धावत आली आणि क्षणात विझली. तेवढ्यात ओढणीचा नायलॉनचा काठ वितळून तिच्या पावलाला चिकटला. ती जखम भरायला बरेच दिवस लागले.

म्हणून टॉर्च भरायचा तो गॅलरीत किंवा अंगणात, आणि पूर्ण गार झाल्यावरच. टॉर्च उलटा धरायचा, गॅसच्या डब्याचं तोंड खाली करून सरळ दाबायचं. भरल्यावर पाच-दहा मिनिटं थांबायचं. घाई केलीत तर द्रवरूप ब्युटेन तोंडाशी येतं आणि ज्योत पिवळी होऊन हातभर उसळते. तसं झालंच तर टॉर्च फेकू नका. उभा धरा आणि बंद करा. अंगात सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी खुंटीला.

आता डाख. नवशिके ज्योत थेट डाखावर धरतात. त्याची गोळी होते आणि सांधा कोराच राहतो. ज्योत सगळ्या दागिन्यावर फिरती ठेवा. सांध्याला लावलेला टाकणखार आधी फुगतो, मग काचेसारखा पारदर्शक होतो. त्यानंतर लक्ष सांध्यावरून ढळू देऊ नका. ९२५ची चांदी साधारण ८९० अंशांना पूर्ण वितळते, कडक डाख त्याच्या शे-सव्वाशे अंश आधी वाहतो. बारीक तारेच्या कडीला एवढं अंतर ओलांडायला दोन सेकंद पुरतात. पोकळ मण्याला भोक ठेवल्याशिवाय तापवायचं नाही, आतली हवा त्याला फोडते. लाली गेलेली चांदी गार दिसते, पण तेव्हाही ती चारशे अंशांवर असू शकते. चिमटा वापरा.

सराफाच्या तोंडी असलेलं ‘केडीएम’ म्हणजे कॅडमियमचा डाख. त्याचा धूर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करतो, आणि खिडकी उघडी ठेवली म्हणून घरात तो वापरण्याजोगा होत नाही. डाख घेताना त्यात कॅडमियम आहे का, हे विचारा. विकणाऱ्याला ठाम सांगता आलं नाही, तर घेऊ नका.