मिस्सा चुकते, पाप लागेल का?

प्रश्न : पतींना अर्धांगवायू झाल्यापासून रविवारची मिस्सा चुकते. प्रार्थनेत मन लागत नाही, कधी देवाचाच राग येतो. माझी श्रद्धा कमी पडतेय का?
– एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, मुळीच नाही. आजाऱ्याची सेवा हे मिस्सा चुकण्याचं रास्त कारण आहे, असं चर्चच मानतं. रागाचं म्हणाल, तर स्तोत्रसंहितेत देवाकडे केलेल्या तक्रारी ढिगाने आहेत. पतींची कूस पालटताना पुटपुटलेलं ‘प्रभू, दया कर’ पुरे. फादरांना कळवा, कम्युनियन घरी आणतात. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार फक्त मरणाऱ्यासाठी, ही समजूत सोडा. गंभीर आजारात तो घेता येतो, पुन्हाही. औषधं, फिजिओथेरपी मात्र प्रार्थनेच्या भरवशावर थांबवू नका. आणि तुमचीच झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.